वळचणीचा कप आणि गल्ल्यावरचा फोटो

गेल्या जून महिन्यात आमच्या धाकट्याने लातुरात खानावळ काढली. जागा ट्यूशन एरियात. परभणी, हिंगोली, बीड, नांदेड, पार विदर्भातूनही दहावी-बारावीची आणि नीटची पोरे तिथे खोल्या करून राहतात. त्यांना दोन वेळची भाकरी लागते. धाकट्याच्या हाताला चव आहे आणि त्याच्या आईच्या हाताला त्याहून जास्त. बँकेचे कर्ज झाले, थोडे माझ्या फंडातले पैसे घातले. टेबले आली, ताटे आली, गॅसची शेगडी आली. सगळे सुरळीत चालले असताना वाद झाला तो एका खिळ्यावरून.

गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक खिळा ठोकला होता. तिथे बाबासाहेबांचा फोटो लावायचा, असे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होते. पण माझे मेहुणे समजूतदार माणूस, स्वतः दुकानदारी केलेले. ते म्हणाले, "दाजी, राग मानू नका. फोटो घरात लावा, बाबासाहेब आपल्या काळजात हायेत. पण धंद्याच्या जागी कशाला? गिऱ्हाईक आधी गल्ल्याकडं बघतंय आन् मग ताटाकडं. लेकराचं कर्ज फिटू द्या, मग लावा."

धाकटा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी काही बोललो नाही. मला वळचणीचा कप आठवला.

फाट्यावरचे हॉटेल

ही १९६४ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. अहमदपूरहून लातूरकडे येताना एका फाट्यावर कुडाचे हॉटेल होते. आपल्याकडे हॉटेल म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. एक चूल, चहाचे काळे पडलेले पातेले, भज्याची कढई, काचेच्या बरणीत शेव आणि दोन बाकडी. आमचे आबा लातूरच्या गंजात हमाली करत. सुट्टीला गावी येत आणि परत जाताना कधी मला सोबत नेत.

त्या हॉटेलाच्या वळचणीला तीन कप खोचून ठेवलेले असत. दोघांचे कान तुटलेले. आबांनी एक कप काढला, बाजूच्या डबड्यातल्या पाण्याने धुतला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. मालकाने हात उंच करून वरून चहा ओतला. पैसे आबांनी दगडावर ठेवले. मालकाने त्यांच्यावर पाणी शिंपडून ते उचलले. आत बाकड्यावर माझ्याएवढेच एक पोरगे भजे खात बसले होते. मी आबांना म्हणालो, "मला बी तिथं बसून खायचंय."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी अर्धा चहा मला पाजला, कप पुन्हा धुतला आणि जागच्या जागी खोचला. अर्धा कोस चालल्यावर म्हणाले, "लेकरा, लातुरात बसू."

आणि खरेच बसलो. गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. माल घेऊन कोण कुठून आला, हे तिथे कोण विचारणार? गोलाईजवळच्या एका हॉटेलात आबा मला घेऊन गेले. पोऱ्याने फडके मारले आणि दोन कपबशा आणून आदळल्या. इतरांच्या होत्या तशाच. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन फळी चढणारा माझा बाप त्या बाकड्याच्या अगदी टोकाला, अर्ध्या बुडावर बसला होता. कोणी उठ म्हणाले तर लगेच उठता यावे म्हणून! हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र मी बशीतला चहा फुर्रकन ओढत होतो.

पुढे एकदा आबा मला नांदेडला घेऊन गेले. तिथे सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये आम्ही पंगतीला बसलो. शेजारी कोण, पुढे कोण, कोणी विचारले नाही. एकाच बादलीतली डाळ सगळ्यांच्या ताटात पडली. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "इथं अख्ख्या बुडावर बसलो."

आबांचे आणखी एक बोलणे लक्षात राहिले आहे. ते म्हणत, "आमच्या फाट्यावर दारूच्या गुत्त्यात कुणी जात इचारत न्हवतं, चहाच्या हॉटेलात इचारत हुते. म्हून कैक पोरं गुत्त्यात गेली." बाप स्वतः कधी गेला नाही. पण माणसाला जिथे बसू देतात तिथे तो बसतो, हे त्याने ओळखले होते.

कायद्यातला कप

१९६४ साली तो वळचणीचा कप गुन्हा होता. हे आबांना माहीत नव्हते आणि मालकाला माहीत असले तरी त्याची फिकीर नव्हती.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण १५ वे कलम आपण नीट वाचत नाही. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथे जायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाला अडवता येणार नाही. देशाचा सर्वात मोठा कायदा लिहिताना त्यात हॉटेलाची आठवण का ठेवावी लागली, याचा विचार करा.

त्यानंतर १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला. १९७६ साली तो कडक करून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेवले. त्याच्या ४ थ्या कलमात हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, पण हॉटेल, धर्मशाळा, सराई यांत लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. भांडी! म्हणजे आपली कपबशी. हॉटेल कशाला म्हणावे, हेही कायदा सांगतो. नाश्त्याची जागा, खानावळ, लॉज, कॉफी हाऊस हे सगळे त्यात आले. गुन्हा शाबित झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि त्या धंद्याचा परवाना रद्द करण्याचा किंवा काही काळ थांबवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

ज्यांनी हे संविधान घडवले त्यांनी ही भूक आणि ही अडवणूक स्वतः भोगली होती. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर बैलगाडीचा प्रवास होता. जेवणाचे डबे भरलेले होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. पाणी नाही म्हणून जेवण नाही. भरलेले डबे उशाला ठेवून ती लेकरे उपाशी झोपली. पुढे १९१७ साली परदेशात शिकून ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा एकही हिंदू हॉटेल त्यांना घेणार नव्हते. पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले. एवढ्या मोठ्या विद्वानाला सामान बाहेर काढावे लागले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले.

नाव लपवून मिळालेली जागा किती दिवस टिकते, याचे उत्तर त्या अकराव्या दिवसात आहे.

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

आता दुसरी बाजू बघा. आपल्याला त्यांच्या हॉटेलात बसू देत नव्हते ही एक गोष्ट. पण आपण हॉटेल काढले तर आपल्याकडे येऊन कोण बसणार?

हा प्रश्न कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांच्यापुढे उभा राहिला होता. ते राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत चाकरीला होते. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांना कळले. मारणाऱ्यांना त्यांनी सजा केली आणि गंगाराम यांना सांगितले की चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर. मदतही केली. मग कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम यांनी चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले सत्यसुधारक हॉटेल.

हॉटेल निघाले, चहा उकळला, पण गिऱ्हाईक येईना. महाराचा चहा कोण पिणार?

ही बातमी महाराजांच्या कानावर गेली. त्यांनी घोड्यांचा खडखडा थेट हॉटेलासमोर उभा केला आणि चहा मागवला. स्वतः प्याले आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजला. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? हे एकदा नव्हे, वरचेवर होऊ लागले. कामे घेऊन येणाऱ्या लोकांनाही महाराजांची गाठ त्या चहाच्या हॉटेलात पडू लागली.

याच राजाने १९०२ साली मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. याच राजाने १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेब तुमचे पुढारी होतील असे जाहीर सांगितले. ही मोठी कामे इतिहासात आहेत. पण मला विचाराल तर तो चहाचा घोटही तेवढाच मोठा. हुकूम काढून शाळा उघडता येते. हुकूम काढून कोणाला चहा गोड लागत नाही. त्यासाठी राजाला स्वतः कप तोंडाला लावावा लागला.

आणि गंगाराम कांबळे? त्यांनी आपले नाव लपवले नाही आणि हॉटेल बंदही केले नाही. हे धैर्य महाराजांच्या धैर्यापेक्षा कमी म्हणता येत नाही.

सातासमुद्रापलीकडची खुर्ची

हे दुखणे आपल्याच मुलखाचे आहे, असे कोणी समजू नये.

ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. सिडनीपासून हजार किलोमीटरहून लांब, लाल मातीच्या माळावर. १८८३ साली तिथे चांदीचा साठा सापडला आणि उजाड माळावर शहर उभे राहिले. रस्त्यांची नावेसुद्धा अर्जेंट म्हणजे चांदी, सल्फाइड म्हणजे गंधकाचे खनिज, अशी. त्या कोपऱ्यावर १८८९ साली एक भव्य हॉटेल बांधले. त्याचे नाव पॅलेस. गंमत अशी की ते दारूबंदीवाल्यांनी बांधले. खाणीतून वर आलेल्या कामगाराने गुत्त्यात न जाता इथे जेवावे, कॉफी प्यावी हा हेतू. पण नुसत्या कॉफीवर खर्च भागेना. थोड्याच वर्षांत, १८९२ मध्ये, त्यांनी दारूचा परवाना घेतला. ते जुने हॉटेल आजही लोक हौसेने बघायला आणि जेवायला जातात.

त्या गावचे कामगार मोठे जिद्दीचे. १९१९-२० साली अठरा महिने संप करून त्यांनी आठवड्याला ३५ तासांचे काम मिळवले. सगळ्या जगाने हेवा करावा असा तो विजय. पण त्याच न्यू साऊथ वेल्स राज्यात तिथल्या मूळच्या आदिवासींना दारू विकायला १९६३ पर्यंत कायद्याने बंदी होती. ज्यांची जमीन, त्यांनाच पबमध्ये जागा नाही. १९६५ साली चार्ल्स पर्किन्स हा आदिवासी तरुण सिडनी विद्यापीठातले विद्यार्थी बसमध्ये भरून गावोगाव निघाला. वॉलगेट गावात माजी सैनिकांचा क्लब होता. लढाईवर जाऊन आलेल्या आदिवासी सैनिकांनाही तो क्लब आत घेत नव्हता. विद्यार्थी त्याच्या दारात फलक धरून भर उन्हात उभे राहिले. त्याच वर्षी ब्रिस्बेन शहरात दोन बायकांनी एका हॉटेलच्या काउंटरला स्वतःला साखळीने बांधून घेतले, कारण तिथे बायांना प्यायला देत नव्हते.

अमेरिकेतही तेच. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी एका दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. वाढायला नकार मिळाला तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. जुलै महिन्यात त्या दुकानाला त्यांना वाढावे लागले.

दारू प्या असे मी सांगत नाही. आपल्या पंचशीलात ती बसत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की कष्टकरी माणूस संपाने पगार मिळवतो, कामाचे तास मिळवतो, पण शेजारी बसायची जागा वेगळी मिळवावी लागते.

चाचांनी गाडी पुढे नेली

मी १९७९ साली एस.टी.त कंडक्टर म्हणून लागलो. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा रस्ता मला तळहातासारखा पाठ. वाटेत गाडी एका हॉटेलावर थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टरला तिथे चहा-नाश्ता फुकट, कारण आम्ही पन्नास गिऱ्हाइके आणून उभी करत असू.

१९८४ साली नव्या ड्यूटीवर एका हॉटेलात मालकाने प्रेमाने विचारले, "पाव्हणं, आडनाव काय म्हणलात?" मी म्हणालो, कांबळे. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला कपबशीत चहा आला आणि मला वेगळ्या काचेच्या गिलासात. तोंडाने कोणी काही बोलले नाही. वळचणीचा कप आता आत आला होता, एवढाच फरक.

माझे ड्रायव्हर नांदेडचे, वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी माझ्या गिलासाकडे पाहिले, आपल्या कपाकडे पाहिले आणि चहा तसाच ठेवून उठले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "कंडक्टर साब, कल से गाडी आगे रुकेगी."

आठ दिवस गाडी पुढच्या हॉटेलावर थांबली. नवव्या दिवशी तो मालक रस्त्यात हात करून उभा! चाचांनी खिडकीतून सांगितले, "पहले गिलास फोडो." त्याने फोडला की नाही मला ठाऊक नाही. पण पुढे मला कपबशीच आली. मी तक्रार लिहिली नाही, हे आज मला चुकल्यासारखे वाटते. कायदा माझ्या बाजूने होता. चाचा सोबत होते म्हणून निभावले. ज्याच्यासोबत चाचा नसतील त्याने काय करायचे?

खिळ्याचा निकाल

हे सगळे मी त्या दिवशी मेहुण्यांना आणि धाकट्याला सांगितले. मेहुणे म्हणाले, "दाजी, ते खरं हाय. पण गंगारामामागं महाराज हुते. आपल्या पोरामागं कोण हाय? बँक!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून मी हट्ट केला नाही. धाकट्याला म्हणालो, "कर्ज तुझ्या नावावर, गल्ला तुझा. तू ठरव."

त्याने रात्रभर विचार केला. सकाळी मला म्हणाला, "बाबा, फोटो नाही लावला तर रोज भीती राहील की आज कळंल, उद्या कळंल. अकराव्या दिवशी कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळू द्या." आणि स्टुलावर चढून त्याने फोटो लावला. शेजारी शाहू महाराजांचाही लावला. लातुरात ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकायला पोरे इतक्या लांबून येतात, ते महाराज खानावळीत का नकोत?

सगळे गोड झाले असे सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात दोन पोरे महिन्याचे पैसे भरायला आली. फोटोकडे पाहिले, "उद्या येतो" म्हणाली आणि आली नाहीत. पहिला महिना तोट्यात गेला. हिला झोप लागत नव्हती. मेहुणे मात्र बोलून दाखवायचे सोडून स्वतः मोंढ्यातून तूरडाळ स्वस्तात मिळवून देऊ लागले.

मग एके दिवशी उदगीरकडची एक बाई मुलाला घेऊन आली. शेतकरी घरातली. तिने फोटो पाहिला, काही बोलली नाही. स्वयंपाकघर बघू का म्हणाली. आत जाऊन पिठाचा डबा उघडला, पाण्याची टाकी पाहिली आणि हिच्या हातची ज्वारीची भाकर, वरण आणि ठेचा घेऊन टेबलावर बसली. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलायला लागली, तर हिने हात धरला. बाई म्हणाली, "माय, माझ्या लेकराला घरच्यावानी घाला." आणि दोन महिन्यांचे पैसे आगाऊ मोजले. तिच्या मुलाने आपल्या खोलीवरची चार पोरे आणली. त्यांनी आणखी आणली. रविवारी सकाळी निलंगा राईस असतो, तेव्हा आता जागा पुरत नाही.

धाकट्याने खानावळीत एक नियम केला आहे. ताटे, गिलास, कप सगळे एकाच घडवंचीवर. भांडी घासणाऱ्या मावशी, पोळ्या लाटणाऱ्या ताई आणि तो स्वतः, पोरांची पंगत उठल्यावर त्याच टेबलावर, त्याच ताटांत जेवतात. मावशी पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, मागं सरकून बसा."

समाजबांधवांनो, आपल्यापैकी कोणी चहाची गाडी, खानावळ किंवा ढाबा काढला असेल तर वाट वाकडी करून तिथे जा. पैसे रोख द्या, उधारी मागू नका आणि चव चुकली तर तोंडावर सांगा. आणि अजूनही कुठल्या फाट्यावर वेगळा कप किंवा वेगळा गिलास दिसला, तर तो मुकाट्याने धुऊन परत ठेवू नका. तारीख, वेळ, हॉटेलाचे नाव आणि साक्षीदार लिहून घ्या आणि पोलिस ठाण्यात रीतसर तक्रार द्या. मी १९८४ साली दिली नव्हती. तुम्ही द्या.

जय भीम.